लहरींवरचा कब्जा उठवा!

पॅलेस्टिनी मोबाइल ग्राहकाच्या हक्कासाठी जाहीर पत्रक



वेस्ट बँकेत रामल्लाहून नाब्लसकडे गाडी हाकणाऱ्या पॅलेस्टिनी चालकाच्या फोनमध्ये बहुधा दोन सिम असतात. एक जव्वाल किंवा ऊरीदू या पॅलेस्टिनी कंपनीचे, दुसरे एखाद्या इस्रायली कंपनीचे. शहर मागे पडते तशी पहिल्या सिमची रेंज विरळ होते. टेकडीवर इस्रायली वसाहत दिसू लागते, तिथे इस्रायली कंपनीचा टॉवर उभा असतो आणि दुसऱ्या सिमला फुल्ल रेंज मिळते. हे दुसरे सिम पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या कायद्याने बेकायदा आहे, तरी ते गल्लीतल्या दुकानात विकले जाते. गिऱ्हाईक करणार काय? त्याला फोन लावायचा आहे.

‘ज्याची सेवा चांगली, त्याचे गिऱ्हाईक, यालाच स्पर्धा म्हणतात,’ असे कोणी सांगेल. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: हा कब्जा आहे, त्याला स्पर्धेचे नाव देऊ नका.

२८ सप्टेंबर १९९५ रोजी झालेल्या दुसऱ्या ऑस्लो करारात, स्वतंत्र दूरसंचार यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा पॅलेस्टिनींचा हक्क इस्रायलने मान्य केला. पण फ्रिक्वेन्सी संयुक्त समितीमार्फत, म्हणजे इस्रायलच्या संमतीनेच मिळणार होती. हक्क कागदावर दिला आणि लहरी आपल्या हाती ठेवल्या. पाटाच्या दाराची किल्ली वरच्या शेतकऱ्याच्या कनवटीला असेल, तर खालच्याचे पीक का वाळले, हे विचारायला ज्योतिषी लागत नाही.

ही किल्ली कशी फिरवली जाते ते पाहा. वतनिया, म्हणजे आजची ऊरीदू, ही दुसरी पॅलेस्टिनी मोबाइल कंपनी. तिला ४.८ मेगाहर्ट्‌झ लहरी देण्याचे २००८ मध्ये ठरले. नोव्हेंबर २००९ मध्ये तिने वेस्ट बँकेत सेवा सुरू केली, तेव्हा हाती होत्या ३.८. गाझात पाऊल ठेवायला तिला ऑक्टोबर २०१७ उजाडला. वेस्ट बँकेत थ्रीजी आले जानेवारी २०१८ मध्ये. तोवर शेजारच्या इस्रायली कंपन्या फोरजी विकत होत्या. गाझाला तर थ्रीजीसुद्धा मिळाले नाही. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन बेथलेहेमला गेले. त्या दौऱ्यात वेस्ट बँक आणि गाझाला २०२३ अखेरपर्यंत फोरजी देण्याचा वायदा झाला. ती मुदत उलटली, तरी वायदा पुरा झाला नव्हता.

वेस्ट बँकेचा सुमारे ६० टक्के भूभाग ‘क्षेत्र क’ म्हणून इस्रायलच्या ताब्यात आहे. तिथे टॉवर उभारायचा तर इस्रायलची परवानगी लागते. यंत्रसामग्री आयात करायची तरी तीच परवानगी. परदेशी कॉलची वाटही इस्रायली कंपन्यांच्या जाळ्यातून जाते. जागतिक बँकेने २०१६ च्या अहवालात हिशेब मांडला: २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत पॅलेस्टिनी मोबाइल कंपन्यांचे ४३.६ कोटी ते ११५ कोटी डॉलर उत्पन्न बुडाले. त्याबरोबर प्राधिकरणाचा करही बुडाला. त्या करातूनच शाळा आणि दवाखाने चालतात.

आता आपल्याकडे पाहा. २०१६ मध्ये जिओ बाजारात उतरली आणि तिचे कॉल जुन्या कंपन्यांच्या जाळ्यात अडकू लागले. दूरसंचार नियामक ट्रायने तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की आधी ट्रायने ठरवावे, मग आयोगाने. कोणाची बाजू खरी, हा वेगळा वाद. पण दाद मागायला दार होते! रामल्लातल्या कंपनीने कोणते दार ठोठावावे? तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या सरकारकडेच लहरी आहेत, जकात आहे आणि टॉवरची परवानगीही आहे.

कोणी म्हणेल, सुरक्षेचा प्रश्न आहे. त्याच टेकडीवर इस्रायली टॉवर चालतो, इस्रायली सिम पॅलेस्टिनी माणसाच्याच खिशात वाजते, तेव्हा सुरक्षा कुठे जाते? कोणी म्हणेल, पॅलेस्टिनी कंपनीचीही मक्तेदारी होतीच. होती. जव्वाल ज्याची, त्या पॅलटेल समूहाला प्राधिकरणाने वर्षानुवर्षे मोकळे रान दिले, स्वतंत्र नियामक उभा करायला टाळाटाळ केली. त्याची वकिली आम्ही करणार नाही. पण मक्तेदारी मोडायला आलेल्या वतनियालाच लहरींसाठी ताटकळत ठेवले गेले. २०१२ मध्ये इस्रायलने आपल्या घरी नव्या कंपन्यांना वाट करून दिली आणि मोबाइलचे दर कोसळले. स्पर्धेने ग्राहकाचे भले होते, हे इस्रायलला पक्के ठाऊक आहे. मग कुंपणापलीकडचा ग्राहक माणूस नाही काय?

आमच्या मागण्या:

१. वेस्ट बँक आणि गाझाला फोरजी व फाइव्हजीच्या लहरी विनाअट आणि ठरल्या मुदतीत द्या.

२. ‘क्षेत्र क’ मध्ये पॅलेस्टिनी टॉवरना आणि त्यांच्या यंत्रसामग्रीला परवानगी द्या.

३. पॅलेस्टिनी परवान्याशिवाय सिम विकणाऱ्या इस्रायली कंपन्यांनी एकतर परवाना घ्यावा व कर भरावा, नाहीतर ती विक्री थांबवावी.

४. तंट्यांसाठी दोन्ही बाजूंना बांधील असा त्रयस्थ लवाद नेमा.

५. भारताने पॅलेस्टाइनला १९८८ मध्ये मान्यता दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची मानकीकरण परिषद नवी दिल्लीत भरवली. या संघात भारताचा शब्द वजनदार आहे. भारत सरकारने तो तिथे पॅलेस्टिनी ग्राहकासाठी उघडपणे खर्च करावा.

मित्रहो, ऑक्टोबर २०२३ मध्ये बॉम्बहल्ल्यांत गाझाचे फोन बंद पडले, तेव्हा जखमींना रुग्णवाहिकाही बोलावता आली नाही. फोन ही चैन नाही. आपल्या खासदाराला पत्र लिहा, पाचवी मागणी संसदेत मांडायला सांगा, उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. आपल्या मंडळात, संघटनेत, महाविद्यालयात हे पत्रक मोठ्याने वाचा आणि पुढच्याच्या हाती द्या.

लहरी कोणाच्या बापाच्या नाहीत. ज्याचे आकाश, त्याच्या लहरी!