निवडणूक-निधी : पक्षांसाठी की मतदारांसाठी?

विधानसभेच्या निवडणुकीचा प्रचारखर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, ही मागणी आपल्या देशात नवी नव्हे. निवडणुका जवळ आल्या की ती पुढे येते आणि निकाल लागले की विस्मरणात जाते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ ची निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरविली आणि पक्षांकडे पैसा कोठून येतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. गुप्त देणग्यांचा एक दरवाजा त्यामुळे बंद झाला. परंतु प्रामाणिक उमेदवाराने खर्च कोठून भागवावा, या प्रश्नाचे उत्तर काही मिळाले नाही.

२०२२ पासून कर्नाटक व महाराष्ट्र यांसारख्या मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपयांपर्यंत, तर गोव्यात २८ लाखांपर्यंत खर्च करण्याची मुभा आहे. एखाद्या शिक्षकाने वा शेतकऱ्याने हा आकडा ऐकावा आणि उमेदवारीचा विचारच सोडून द्यावा! शिवाय ही मर्यादा उमेदवारापुरती. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चास आजही मर्यादा नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही हिशेबात धरावा असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली दिला, तेव्हा त्याच वर्षी कायदा बदलून तो निष्प्रभ करण्यात आला. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा व्यवहाराचा न्याय आहे. ठेकेदाराच्या पैशाने निवडून आलेला आमदार ठेकेदाराचीच टाळी वाजविणार. मतदाराची टाळी वाजावी असे वाटत असेल, तर पोळीही मतदारानेच घातली पाहिजे. म्हणून सार्वजनिक निधीचे तत्त्व आम्हांस मान्य आहे.

प्रश्न आहे तो निधी कोणास मिळणार, हा. १९९८ साली इंद्रजित गुप्ता समितीने सरकारी साहाय्याची शिफारस केली आणि आरंभी ते रोखीने न देता वस्तू व सोयींच्या रूपाने द्यावे असे सुचविले. परंतु ते केवळ मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्य पक्षांच्या उमेदवारांसच मिळावे. अपक्षांस नव्हे, असेही तिने सांगितले. आज मिळणारे थोडेफार साहाय्यही त्याच वाटेने जाते. आकाशवाणी व दूरदर्शन यांवरील विनामूल्य प्रचारवेळ मान्यताप्राप्त पक्षांस. मतदारयाद्यांच्या विनामूल्य प्रती त्यांच्याच उमेदवारांस. त्यांच्या अर्जास एक सूचक पुरे, इतरांस मात्र दहा हवेत. म्हणजे ज्याच्यापाशी आधीच आहे त्यालाच आणखी वाढावयाचे, असा हा पंक्तिप्रपंच आहे.

सीमाभागातील वाचकांस याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या दप्तरी बहुधा अपक्ष म्हणूनच नोंदले गेले आणि त्यांचा प्रचार लोकवर्गणीवर चालला. गुप्ता समितीची योजना उद्या जशीच्या तशी अमलात आली, तर येथील मराठी करदात्याचा पैसा त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या फलकांवर खर्च होईल आणि त्याच्या स्वतःच्या उमेदवारास मात्र दमडीही मिळणार नाही. हा अन्याय आमचाच नव्हे. देशात जेथे जेथे स्थानिक प्रश्नावर लोक अपक्ष उभे करतात, तेथे तेथे तो होईल.

याहून चांगला मार्ग नाही काय? अमेरिकेतील मेन या राज्याने तो शोधला आहे. तेथील मतदारांनी १९९६ साली जनमताने कायदा संमत केला आणि २००० पासून तो विधिमंडळाच्या निवडणुकांस लागू झाला. कनिष्ठ सभागृहाच्या उमेदवाराने आपल्या मतदारसंघातील किमान ६० मतदारांकडून प्रत्येकी पाच डॉलर सार्वजनिक निधीत जमा करावयाचे. वरिष्ठ सभागृहासाठी ही संख्या १७५ आहे. ही कसोटी उतरली की प्रचारखर्च निधीतून मिळतो आणि मग खासगी देणग्या घेता येत नाहीत. तेथे पक्षाचा शिक्का कोणी विचारीत नाही. मतदारांचा पाठिंबा तेवढा पाहिला जातो.

या योजनेनेही सर्व दोष नाहीसे झाले, असे आम्ही म्हणत नाही. ती ऐच्छिक आहे आणि बाहेरच्या गटांचा स्वतंत्र प्रचार तिने थांबलेला नाही. पैशासाठी हौसे-नवसे उभे राहतील, हा आक्षेपही आपल्याकडे घेतला जाईल. परंतु आपला कायदा आज उमेदवाराचे गांभीर्य दहा हजारांच्या अनामत रकमेने मोजतो. त्याऐवजी मतदारसंघातील, समजा, हजार मतदारांच्या दहा-दहा रुपयांनी ते मोजले तर काय बिघडेल? अनामत एकटा धनिकही भरू शकतो. हजार मतदारांच्या दारी मात्र पायांनीच जावे लागते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सार्वजनिक निधी जरूर द्यावा. पण त्याची किल्ली पक्षाच्या मान्यतेत नसावी, मतदाराच्या हाती असावी. निधी घेणाऱ्याने खासगी देणगी घेऊ नये, पै-पैचा हिशेब जाहीर करावा आणि पक्षांच्या खर्चासही मर्यादा असावी. हे होणार नसेल, तर सरकारी निधी म्हणजे बलिष्ठांच्या पंक्तीस जनतेच्या खर्चाने वाढलेले आणखी एक पक्वान्न ठरेल. त्या पंक्तीचे यजमानपद मतदाराने का पत्करावे?