साक्ष कोणी द्यावी?

निवृत्तिवेतन ही कोणाच्या मेहेरबानीने मिळणारी बक्षिसी नव्हे, एवढी साधी गोष्ट ठरविण्यासाठी आपल्या सर्वोच्च न्यायालयाला एकदा नव्हे, अनेकदा लेखणी उचलावी लागली. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात निवृत्तिवेतन हे मालमत्तेत मोडते असे ठरले. पुढे १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तोच निर्वाळा अधिक विस्ताराने दिला : ते केलेल्या सेवेचे फळ आहे, आणि ते मागणारा याचक नाही. त्या पीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड आणि न्यायमूर्ती तुळजापूरकर हे दोघे होते, याचा मराठी वाचकास अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु न्यायासनाने दिलेला हा मान कचेरीच्या खिडकीपर्यंत पोहोचला आहे काय? आणि स्वदेशाची सीमा ओलांडली की त्याचे काय होते? हा प्रश्न आम्ही आज मुद्दाम उपस्थित करीत आहोत. कारण या मासिकाचे बहुतेक वाचक आज ना उद्या त्या खिडकीच्या पलीकडच्या बाजूस उभे राहणार आहेत.

म्हैसूरच्या वायव्येस विजयनगर नावाची विस्तीर्ण वसाहत आहे. एकापुढे एक अशा चार टप्प्यांनी ती वाढत गेली, आणि तेथील पत्ता सांगताना आजही माणसे आधी ‘सेकंड स्टेज’ की ‘फोर्थ स्टेज’ ते सांगतात. म्हैसुरात १९५० मध्ये केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था उघडली, १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्था आली, पुढे नोटा छापण्याचा कारखाना आला. बँका, रेल्वे आणि टपाल ही खाती तर होतीच. या नोकऱ्यांच्या निमित्ताने जी मंडळी दूरदूरच्या प्रांतांतून आली, त्यांतील काहींनी या शहराच्या हवेला आणि शांततेला भुलून येथेच घर बांधले. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांची मुले मात्र म्हैसुरात राहिली नाहीत. ती समुद्रापार गेली. मग आईबाप सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असे हेलकावे खातात, आणि एखाद्या दांपत्याच्या मनात येते की, आता उरलेली वर्षे परदेशी, परंतु स्वतःच्या पैशाने, कोणावर ओझे न होता काढावीत. अशांसाठी काही देशांनी निवृत्तांचा स्वतंत्र व्हिसा ठेवला आहे. तो व्हिसा मिळविणे फारसे अवघड नाही. तो टिकविणे अवघड आहे. कारण त्याच्या प्रत्येक नूतनीकरणास आपल्या मिळकतीचा पुरावा नव्याने द्यावा लागतो.

थायलंडचेच उदाहरण घेऊ. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी निवृत्ताला तेथे एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. अटी तीन, त्यांतील कोणतीही एक पुरी करावयाची. पहिली, तेथील बँकेत आठ लाख बात ठेवावेत. ते अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने हलवू नयेत, आणि पुढेही चार लाखांच्या खाली उतरू देऊ नयेत. दुसरी, दरमहा पासष्ट हजार बात उत्पन्न दाखवावे. तिसरी, ठेव आणि वार्षिक उत्पन्न यांची बेरीज आठ लाख करून दाखवावी. पासष्ट हजार बात म्हणजे आपल्या दीड लाख रुपयांहून बरेच अधिक. सामान्य भारतीय अधिकाऱ्याचे निवृत्तिवेतन तेथवर पोहोचत नाही. म्हणजे त्याच्यासाठी खरा मार्ग तिसरा. थोडी पुंजी आणि थोडे वेतन यांचा मेळ घालण्याचा. आणि त्या मार्गावरच पुराव्याची खरी धोंड पडलेली आहे.

विजयनगरातल्या अशा एका निवृत्ताचा हिशेब कल्पून पाहू. शेवटचे मूळ वेतन एक लाख रुपये. म्हणून मूळ निवृत्तिवेतन पन्नास हजार. नियमाप्रमाणे त्यातील चाळीस टक्क्यांचे, म्हणजे वीस हजारांचे, त्याने अंशराशीकरण करून एकरकमी पैसे घेतले आणि घराचे कर्ज फेडले. महागाई वाढ सोयीसाठी पन्नास टक्के धरली, तर ती मात्र संपूर्ण पन्नास हजारांवर मोजतात. म्हणजे पंचवीस हजार. आता त्याच्या हातातील कागद पाहा. निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणतो पन्नास हजार. हक्काची बेरीज होते पंचाहत्तर हजार. बँकेच्या पुस्तकात जमा होतात पंचावन्न हजार, तेही प्राप्तिकर कापण्यापूर्वी. तिन्ही आकडे खरे आहेत! परंतु अंशराशीकरण हा शब्दही कधी ज्याच्या कानावर पडलेला नाही, अशा परक्या देशातील कारकुनासमोर हे तीन आकडे ठेवले, तर तो काय करील? एक तर सर्वांत लहान आकडा धरील, नाही तर तिघांवरही संशय घेईल. वीस हजारांच्या या फरकापायी वर्षाकाठी ऐंशी हजारांहून अधिक बातांची ठेव जास्त ठेवण्याची पाळी येते. अंशराशीची रक्कम त्याला आगाऊ मिळालेली आहे, तेव्हा ती चालू मिळकतीत धरू नये, असे कोणी म्हणेल. आम्ही ते मान्य करू. पण धरावी की न धरावी हे ज्याला ठरवायचे, त्याला ती काय आहे हे कळले तर पाहिजे! आणि पंधरा वर्षे पुरी होताच ते वीस हजार पुन्हा सुरू होतात. मग गेल्या वर्षीचा कागद आणि यंदाचा कागद जुळत नाहीत, आणि प्रामाणिक मनुष्यच खोटा ठरण्याची वेळ येते.

पूर्वी या अडचणीवर एक तोडगा होता. अर्जदाराच्या देशाची वकिलात त्याच्या उत्पन्नाविषयी पत्र देई आणि ते पत्र पुरे होई. तथापि त्या पत्रांमागे प्रत्यक्ष पडताळणी हवी असा आग्रह थायलंडने धरला, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांच्या वकिलातींनी २०१९ च्या आरंभापासून ती पत्रे देणेच बंद केले. आम्ही पडताळणी करू शकत नाही, हे त्यांचे उत्तर. हे उत्तर ऐकून आश्चर्य वाटते. ज्या सरकारी तिजोरीतून निवृत्ताला दरमहा पैसे जातात, त्याच सरकारची वकिलात म्हणते की, याला पैसे मिळतात की नाही ते आम्हास सांगता येत नाही! खाजगी उत्पन्नाच्या बाबतीत हे म्हणणे समजू शकते. सरकारी निवृत्तिवेतनाच्या बाबतीत ते निव्वळ अंग काढून घेणे होय.

यावर आक्षेप असा घेतला जाईल की, यजमान देशाला स्वतःचे हित पाहण्याचा अधिकार आहे. म्हाताऱ्या परकीयाचा भार आपल्या रुग्णालयांवर पडू नये, ही त्याची इच्छा रास्तच आहे. ती रास्त आहे याविषयी आमचा वाद नाही. वाद परीक्षेच्या रीतीविषयी आहे. बँकेत निजलेली ठेव मनुष्याच्या मिळकतीची परीक्षा करीत नाही, ती त्याच्या शिलकेची परीक्षा करते. आणि शिल्लक उसनी आणता येते. जेथे जेथे ठेवीची अट असते, तेथे तेथे चार महिन्यांपुरती ठेव उभी करून देणारे दलाल उगवतात. परिणाम काय होतो? ज्याला तहहयात, महागाईबरोबर वाढणारे, सरकारच्या हमीचे वेतन आहे, तो खिडकीवर अडतो. आणि ज्याच्यापाशी दलालाचे पैसे आहेत तो पुढे सरकतो. सचोटीवर जादा कर बसविणारी ही व्यवस्था आहे.

मलेशियाची कथा याहून बोलकी आहे. २००२ पासून त्या देशाने परदेशी निवृत्तांना आग्रहाने बोलाविले. बाहेरचे मासिक उत्पन्न दहा हजार रिंगिट हवे, अशी अट होती. २०२१ मध्ये ती एकदम चाळीस हजार झाली. पुढे २०२४ च्या नियमांत मासिक उत्पन्नाची अटच गेली आणि तिच्या जागी मोठी ठेव व घरखरेदी आली. ब्रिटनमध्येही साठीपुढील माणसाला वर्षाचे पंचवीस हजार पौंड उत्पन्न दाखवून राहता येत असे. २००८ च्या नोव्हेंबरात ते दार नव्या अर्जदारांना बंद झाले. जगाचा कल यातून स्पष्ट दिसतो. आयुष्यभर नोकरी करून मिळविलेल्या वेतनाची पत उतरते आहे आणि साठविलेल्या धनाची वाढते आहे. निवृत्तांसाठी म्हणून निघालेला व्हिसा धनिकांचा होत चालला आहे.

परक्यांना दोष देण्यापूर्वी आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याने सरकारी निवृत्तिवेतनावर सावकाराची जप्ती येऊ शकत नाही. जो पैसा इतका पवित्र मानला, त्याविषयी दोन ओळींची साक्ष देण्यास मात्र सरकार तयार नाही. उलट ते स्वतःच साक्ष मागते! दर नोव्हेंबरात निवृत्ताने हयातीचा दाखला द्यावयाचा. हे काम आता पुष्कळ सुकर झाले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ सुरू झाले. २०२० पासून पोस्टमन घरी येऊन दाखला नोंदवू लागला. २०२१ पासून मोबाईलपुढे चेहरा धरला तरी चालते. ऐंशीच्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा आहे. परदेशी असेल तर आपली वकिलात दाखल्यावर सही करते. म्हणजे यंत्रणा आहे, माहिती आहे, वकिलातीचा हातही आहे. हे सारे सरकारला साक्ष हवी असते तेव्हा चपळाईने चालते. निवृत्ताला साक्ष हवी असते तेव्हा मात्र तो बँक, कोषागार, महालेखापाल आणि सनदी लेखापाल अशी चार धामांची यात्रा करतो.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. जो देतो त्याने सांगावे की मी देतो. निवृत्तिवेतन देणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने, मग ते केंद्राचे असो, सैन्याचे असो की राज्याच्या महालेखापालांचे, मागणी होताच एक पानी प्रमाणपत्र द्यावे. त्यात मूळ वेतन, अंशराशी, ती परत मिळण्याची तारीख, महागाई वाढ, कापलेला कर आणि हाती पडणारी रक्कम एकाखाली एक मांडलेली असावी; ते वेतन तहहयात आहे आणि पश्चात पत्नीस वा पतीस कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, हेही त्यात लिहावे. मराठी वा कन्नड न जाणणाऱ्या कारकुनासाठी ते इंग्रजीत असावे. हयातीचा दाखला स्वीकारणाऱ्या वकिलातीनेच त्याच खिडकीवर त्यावर शिक्का मारावा. आणि ज्या देशांत आपले निवृत्त राहतात, त्या देशांशी बोलणी करून ते प्रमाणपत्र मान्य करवून घ्यावे. निर्यातीच्या मालाच्या दाखल्यांसाठी सरकारे करार करतात. चाळीस वर्षे सेवा केलेल्या माणसाच्या दाखल्यासाठी का करू नयेत?

ही मागणी करावयाची कोणी? जे आज कचेरीत बसून टिपणे लिहीत आहेत, त्यांनीच. आपल्यापैकी कोणी वित्तखात्यात असेल, कोणी लेखापरीक्षणात, कोणी परराष्ट्र सेवेत. नमुना ठरविणारे, परिपत्रक काढणारे, ‘मंजुरीस्तव सादर’ असा शेरा मारणारे हात हेच आहेत. निवृत्तीनंतर तक्रारअर्ज लिहिण्यापेक्षा सेवेत असताना टिपण लिहिणे केव्हाही अधिक फलदायी. न्यायालयाने निवृत्ताला हक्क दिला, सरकारने पैसा दिला. आता प्रशासनाने शब्द द्यावा. तो एक शब्द नसल्यामुळे उरलेल्या दोहोंची किंमत सीमेपलीकडे शून्य होते.