मातीचा नमुना आणि पत्रिकेचा आंकडा

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ सालीं सुरू झाली, तेव्हां जिराईत जमिनीस दर १० हेक्टरांमागें एक नमुना ठरला. अक्कलकुव्यासारख्या सातपुड्याच्या तालुक्यांत तेवढ्या टापूंत उताराची उथळ व खालची खोल अशा दोन्ही जमिनी येऊं शकतात. त्यांची सरासरी कोणाच्याच शेतास लागू पडत नाहीं. सबब आमचें मत असें कीं, कास्तकारानें आपल्या शेताचा नमुना स्वतः काढून तयार करावा.

बांध, झाडाखालील व उकिरड्याची जागा टाळून, आठदहा ठिकाणांहून १५ ते २० सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी. ती एकत्र कालवून चार भाग पाडावे, समोरासमोरचे दोन टाकावे. अर्धा किलो उरेतों असेंच करावें. ओली माती पिशवींत कोंडल्यास नत्राचा व चुलीवर तापविल्यास पालाशाचा आंकडा बदलूं शकतो. म्हणून ती सावलींत वाळवावी. लोखंडी खलबत्त्यानें लोह व जस्ती चाळणीनें जस्त नमुन्यांत मिसळतें. ढेंकळें लांकडानेंच फोडावीं.

प्रयोगशाळा हातीं आलेली मातीच मोजते. सातबाऱ्यावरील चुकीची नोंद आपण दुरुस्त करून घेतों; मातीची चुकीची नोंद मात्र कोणी तपासीत नाहीं, आणि तिचा भुर्दंड खताच्या पावतींत व खळ्यावर भरावा लागतो.