मंदगतीच्या व्याधीचा मक्ता

मेंदूत गाठ आहे असे कळताच घरच्या माणसांना अवघ्या काही महिन्यांत सर्वस्व हिरावून नेणारी व्याधी दिसू लागते. परंतु काही गाठी अशाही असतात की त्या वर्षानुवर्षे संथपणे वाढतात, आणि तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाला एके दिवशी अकस्मात फिट येऊन एमआरआय निघेपर्यंत त्यांचा मागमूसही लागत नाही. श्रेणी २ चा ग्लायोमा ही अशीच एक गाठ; तिचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर नोकरी करीत, मुले वाढवीत दीर्घकाळ जगू शकतो. व्याधीचे हे मंदपण रुग्णाचे भाग्य खरे. पण औषधाच्या बाजारात ते विक्रेत्याचेही भाग्य ठरते, कारण जो रोगी अनेक वर्षे जगतो तो अनेक वर्षे गिऱ्हाईकही राहतो.

अशा बहुतेक गाठींच्या मुळाशी आयडीएच नामक जनुकातील विकृती असते, हा शोध २००८-०९ च्या सुमारास लागला, आणि तिच्यावर नेमका घाव घालणारी व्होरासिडेनिब ही रोज घ्यावयाची गोळी अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झाली. ३३१ रुग्णांवरील चाचणीत गाठ पुन्हा वाढू लागण्याचा मध्यक काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला. ही सिद्धी क्षुल्लक नव्हे. पण मंजुरीच्या वेळी तेथे त्या गोळीची किंमत दरमहा सुमारे ४० हजार डॉलर होती, आणि अमेरिकेतील विक्रीवरील स्वामित्वधनाचा मोठा हिस्सा एका वित्तसंस्थेने ९० कोटी ५० लाख डॉलर मोजून विकत घेतला. रोग्याच्या आयुष्यातील येणाऱ्या वर्षांचा मक्ता आगाऊच विकला गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच व्याधीत किरणोपचारांना तीन जुन्या औषधांची जोड दिली असता मध्यक आयुष्य ७.८ वर्षांवरून १३.३ वर्षांवर जाते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ चाचणीने दाखविले. मात्र पेटंटची मुदत संपलेल्या औषधांचा डंका पिटण्यात कोणाचेच हित नसते. त्यांपैकीच लोमस्टिन, एकाच विक्रेत्याच्या हाती गेल्यावर, अमेरिकेत काही वर्षांत कॅप्सूलमागे सुमारे ५० डॉलरवरून ७६८ डॉलरवर चढले. तेव्हा पेटंट संपले म्हणजे औषध आपोआप स्वस्त होईल, या भरवशावर राहणे भाबडेपणाचे आहे.

डोंबिवलीहून लोकलच्या दिव्यांग व कर्करोगग्रस्तांसाठी राखीव डब्यातून परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरणाऱ्या, किंवा ठाण्यातील खाजगी रुग्णालयाच्या खर्चाचा अंदाज घेऊन कल्याणला परतणाऱ्या पगारदार माणसाला या आकड्यांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य असे की महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे छत्र कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचे आहे, आणि वरील अमेरिकी दराने एका महिन्याच्या गोळ्यांनाच ३० लाखांहून अधिक रुपये पडतात. शिवाय योजनेची घडण ठराविक उपचारांच्या पॅकेजांवर बेतलेली. वर्षानुवर्षे चालणाऱ्या गोळीची तजवीज तिच्या चौकटीत सहज बसणारी नव्हे.

उपाय मात्र आपल्या दप्तरीच आहेत. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून दिलेल्या सक्तीच्या परवान्याने (पेटंटधारकाच्या संमतीविना दुसऱ्यास औषध बनविण्याची मुभा) सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधाचा मासिक खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आणला; आणि टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने ४० औषधांची एकत्रित खरेदी करून खर्चात ८० टक्क्यांहून अधिक बचत साधली. एकट्यादुकट्या रुग्णाला विक्रेत्याशी घासाघीस करता येत नाही. अनेक रुग्णालये मिळून एकच गिऱ्हाईक झाले की तोच विक्रेता वाटाघाटीस बसतो.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या लोकप्रतिनिधींनी नव्या रुग्णालयांच्या कोनशिलांइतकाच आग्रह तीन गोष्टींसाठी धरावा: जनुकीय तपासणी सरकारी खर्चाने व्हावी, कारण तिच्यावाचून कोणते औषध कोणास द्यावे हेच ठरत नाही, जुन्या, परिणामकारक औषधांचा पुरवठा कधीही खंडित होऊ नये, आणि दीर्घकाळच्या गोळ्यांसाठी राज्याने ग्रिडमार्फत भाव ठरवावा, ते न जमल्यास सक्तीच्या परवान्याच्या कायद्याचा वापर करण्याची तयारी ठेवावी. तातडीच्या आजारात सरकारला विचार करावयास अवधी मिळाला नाही, ही सबब एकवेळ ऐकून घेता येईल. जी व्याधी स्वतःच वर्षांची सवड देते, तिच्याबाबत ती कोणी पुढे करू नये.