डिस्कवर फोटो, आणि फोटोवर नाव

आज आपल्या घरांत जितके फोटो आहेत, तितके आपल्या आधीच्या सगळ्या पिढ्यांत मिळून नव्हते. तरीही माझे मत असे आहे की, आपण आपल्या दादी-नानीचे जितके फोटो पाहिले, तितकेसुद्धा आपले फोटो आपल्या नातवंडांच्या हाती लागणार नाहीत. दादीच्या निकाहानंतर काढलेला एकच फोटो असायचा. तो पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळून, पन्नास-साठ वर्षे टिकायचा. भाचीच्या निकाहाचे आता आठशे फोटो असतात. ते दहा वर्षांनी कुठे असतील, हे घरातल्या कोणालाही सांगता येत नाही.

मी मुळशी तालुक्यात राहते, उर्दू आणि मराठी शिकवते. संगणकाची तज्ज्ञ नाही. पण ओळखीच्या घरांतून मुली येतात आणि म्हणतात, "आपा, घरच्या कॉम्प्युटरमधले फोटो डिस्कवर कसे टाकायचे ते सांगा ना." त्या निमित्ताने बऱ्याच घरांतले कॉम्प्युटर पाहिले. चित्र थोडेफार सारखेच असते. टेबलाखाली धूळ खात पडलेला डबा, पडद्यावर "न्यू फोल्डर", "न्यू फोल्डर २", "न्यू फोल्डर ३". आत ईद, साखरपुडा, शाळेचे स्नेहसंमेलन, कोणाच्या तरी इंतकालाच्या आधीचे शेवटचे फोटो. प्रत्येक फोटोचे नाव म्हणजे कॅमेऱ्याने दिलेला आकडा. आतली हार्ड डिस्क हे फिरणारे यंत्र आहे. पंख्यासारखे, मिक्सरसारखे ते कधीतरी बंद पडणार. त्या दिवशी त्या घराची पंधरा वर्षे एकदम जातील.

"एवढं काय त्यात? आमचेच तर फोटो," असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी एक उदाहरण देते.

फातिमा शेख हे नाव आपण अभिमानाने घेतो. सावित्रीबाई फुले यांच्या सोबतीने शिकवणाऱ्या फातिमा. माझ्यासारखीला तर ते नाव घरातल्या थोरल्या बाईसारखे वाटते. पण त्यांच्याबद्दल आपल्या हाती उरले आहे किती? सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. आणि सावित्रीबाईंसोबत त्या दिसतात असे मानला जाणारा एक जुना फोटो आहे. त्या फोटोचा प्रवास डॉ. मा. गो. माळी यांनी सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयाच्या निमित्ताने सांगितला आहे. तो एका जुन्या नियतकालिकातून, एका पुस्तकातून आणि कोणीतरी जपून ठेवलेल्या एका निगेटिव्हवरून आपल्यापर्यंत आला. म्हणजे कोणाच्या तरी घरात, कोणीतरी ती काच किंवा फिल्म फेकली नाही, म्हणून.

जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर वाद पेटला की, फातिमा शेख नावाची बाई होऊन तरी गेली का? मला त्या वादाचा राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटले. पत्र होते म्हणून उत्तर देता आले. पण त्या काळी कोणी फोटोतली सगळी नावे, जागा आणि साल लिहून ठेवले असते आणि तो कागद आज हाती असता, तर एका शिक्षिकेला दीडशे वर्षांनंतर आपण होतो हे सिद्ध करावे लागले नसते. ज्यांचा इतिहास सरकारी दफ्तरांत आणि मोठ्या ग्रंथांत आहे, त्यांचे घरचे फोटो हरवले तर आठवण हरवते. ज्यांचा इतिहास फक्त घरांतच आहे, त्यांचे फोटो हरवले तर पुरावाही हरवतो. गावाकडचे मराठी मुसलमान दुसऱ्या गटात येतात. उरुसाच्या संदलपुढे चालणारे गावकरी, गणपतीच्या मंडपात वाढपी म्हणून उभे असलेले चाचा, भातलावणीत शेजारणींबरोबर कंबर वाकवून उभी खाला, हे सगळे कुठल्या ग्रंथात सापडणार? ते त्या "न्यू फोल्डर ३" मध्येच आहे.

आता कोणी विचारेल, डिस्क कशाला? फोन आहे, गूगल आहे. आहे, आणि जरूर वापरावे. पण त्याच्या अटी माहीत असू द्या. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, फाइली आणि फोटो मिळून १५ जीबी फुकट, पुढे पैसे. दुसरी अट जास्त महत्त्वाची. दोन वर्षे कोणी उघडलेच नाही, असे वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते. डिसेंबर २०२३ पासून हे सुरू झाले आहे. आता विचार करा, घरातल्या वडीलधाऱ्यांचा इंतकाल होतो, फोन कपाटात जातो, पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. दोन वर्षे म्हणजे किती? दोन रमजान. आपल्या मागे खाते कोणाच्या हाती जावे हे आधी ठरवून ठेवायची सोय गूगलने दिलेली आहे, पण ती वापरलेले एकही घर मी अजून पाहिलेले नाही.

आणि व्हॉट्सअॅपवर पाठवला म्हणजे फोटो जपला, हा समज तर सोडूनच द्या. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे लहान केला जातो. तो कधी काढला, ही फोटोच्या पोटात असलेली माहितीही त्यात जाते. मोबाइलवर तो ठीक दिसतो. मोठा करून छापायला गेलात की चेहरे फुटतात.

डिस्कचा गुण असा की, एकदा लिहायची डिस्क शाईने लिहिलेल्या कागदासारखी असते. त्यावर चुकून दुसरे काही चढत नाही, लहान मुलाच्या बोटाने काही पुसले जात नाही, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तरी कपाटातल्या डिस्कला तो हात लावू शकत नाही. महिन्याचे भाडे नाही, पासवर्ड नाही. सीडीवर ७०० एमबी मावते, साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी, ब्लू-रेवर २५ जीबी. फोनचा एक फोटो चार एमबीचा धरला तर एका डीव्हीडीवर साधारण हजारभर फोटो बसतात. एका घराची दोन-तीन वर्षे. नव्या लॅपटॉपला डिस्कचा खण नसतो, पण यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो. एका मोहल्ल्याला एक पुरे.

करायचे कसे, तेही सांगते. डिस्क एकदा लिहायची, म्हणजे "आर" ची घ्या, पुन्हापुन्हा पुसता येणारी "आरडब्ल्यू" नको. विंडोज विचारते की, ही डिस्क पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी? दुसरा पर्याय निवडा, म्हणजे ती इतर यंत्रांतही उघडण्याची शक्यता वाढते. लिहिण्याचा वेग कमी ठेवा. लिहून झाल्यावर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये घालून दहा-वीस फोटो उघडून पाहा. तोवर मूळ फोटो पुसू नका. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका, सीडीसाठी मिळणारा मऊ टोकाचा मार्करच घ्या. सीडीमध्ये माहितीचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूलाच अगदी पातळ लेपाखाली असतो. म्हणून वरून पडलेला ओरखडा खालच्यापेक्षा वाईट.

आता तिचा दोष. लिहायच्या साध्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, लेसर त्यावर खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा त्या थराच्या शत्रू. आमच्या ताम्हिणीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको. पावसाळ्यात इथे चामड्याची चप्पल आणि कपाटातली पुस्तकेही पांढरी होतात. म्हणून डिस्क खोक्यात उभी ठेवा, खिडकीपासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर. पाच वर्षांनी ती नव्या डिस्कवर किंवा त्या वेळी जे साधन चालू असेल त्यावर उतरवा. कारण डिस्कही जाणार आहे. सोनीने लिहायच्या ब्लू-रे डिस्क बनवणे फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. कॅसेट गेली, फ्लॉपी गेली, हेही जाईल. जपणे म्हणजे एकदा करून मोकळे होण्याचे काम नाही. ते दर वर्षी घराला चुना देण्यासारखे आहे.

आणि एकच प्रत म्हणजे प्रत नाहीच. तीन हव्यात. एक कॉम्प्युटरमध्ये, एक डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी, बहिणीच्या किंवा मुलीच्या घरी. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये घरांत पाणी शिरले तेव्हा कॉम्प्युटर आणि अल्बम एकाच घरात, एकाच पाण्यात होते. मोठ्या संस्थांनाही हे चुकलेले नाही. "आलम आरा" हा आपला पहिला बोलपट १९३१ चा. आज त्याची एकही प्रत कुठे उपलब्ध नाही, उरली आहेत ती काही छायाचित्रे आणि जाहिराती. पुण्यातले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले १९६४ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता.

आपल्यातल्या काही घरांत एक वेगळी अडचण असते, तीही बोलली पाहिजे. बुजुर्ग म्हणतात, तस्वीर घरात नको. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे, आणि उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत. फतवा देणे माझे काम नाही. पण पासपोर्टला, हजच्या अर्जाला, आधारला फोटो देताना आपण गरज मान्य करतोच. आपल्या लोकांची ओळख राहणे ही तशीच गरज आहे, असे मला वाटते. शिवाय कपाटातली डिस्क भिंतीवर टांगलेली नसते. ज्यांना चेहरे नकोतच, त्यांनी कागद जपावेत. निकाहनामा, शाळेचा दाखला, सातबारा, फेरफार, जुने खरेदीखत. डिसेंबर २०१९ नंतर घराघरांत जुन्या कागदांची शोधाशोध झाली, ती आपण विसरलेलो नाही. हे सगळे स्कॅन करा. मूळ कागदाची जागा स्कॅन घेत नाही, पण मूळ कागद कुठल्या कचेरीत, कुठल्या क्रमांकाने, कुठल्या सालचा शोधायचा, हे ते सांगते.

हे काम फक्त मुसलमानांचे नाही, हे मुळशीत राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. इथे टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झालेच, आणि मुळशी पेट्यातली गावे पाण्याखाली गेली. त्या काळी शेतकऱ्याच्या हातात कॅमेरा नव्हता. त्या गावांतली ओसरी कशी होती, पाणवठा कुठे होता, कोण कोणाच्या शेजारी राहत होते, हे आता डोळ्यांनी पाहायला मिळत नाही. आज पुन्हा तालुका बदलतो आहे, या वेळी पाण्याखाली नाही, सिमेंटखाली. हिंजवडी, माण, पिरंगुट. जिथे आंबेमोहोराची खाचरे होती तिथे मनोरे आहेत. फरक एवढाच की, या वेळी प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. तरीही काही उरले नाही, तर दोष धरणाला देता येणार नाही.

शेवटी जे सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते. नावे लिहा. जुन्या फोटोंच्या मागे आपल्या अब्बांनी, दादांनी उर्दूत काही लिहिलेले असते. कधी नाव, कधी हिजरी साल, कधी नुसते गावाचे नाव. मराठी माध्यमात शिकलेल्या नातवाला ते वाचता येत नाही. म्हणून फोटो स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा, आणि जो उर्दू वाचू शकतो त्याच्याकडून ते मराठीत लिहून घ्या. एका फोल्डरला "२००९, रमजान ईद, पौड, मामूंचे घर" असे नाव दिले तरी निम्मे काम झाले. दुसरे निम्मे म्हणजे एक साधी यादी. कोणत्या फोटोत डावीकडून कोण कोण आहे. ती त्याच डिस्कवर टाका आणि छापून खोक्यातही ठेवा.

या याद्या करताना एक गोष्ट दिसते. पुरुषांची नावे लगेच सांगितली जातात. बाईपाशी आले की "रफिकची अम्मी", "मोठी भाभी", "कोल्हापूरवाल्या खाला". त्यांचे नाव काय, म्हटले की घरात एकदम शांतता. कुणीतरी आत जाऊन विचारून येते. तिथे थांबा, आणि ते नाव पूर्ण लिहा. फातिमा शेख यांच्याबाबत आपण जे भोगतो आहोत, ते आपल्या हाताने पुढच्या बायांच्या वाट्याला का द्यायचे?

शाळेला दिवाळीची सुट्टी असते, रमजान ईदला पाहुणे असतात. घरातली सगळ्यात म्हातारी बाई आणि सगळ्यात लहान कॉम्प्युटर जाणणारी मुलगी, या दोघींना दोन दुपार शेजारी बसवा. एकीने नावे सांगायची, दुसरीने लिहायची. डिस्क शंभर रुपयांच्या आत येते. जी नावे सांगणार आहे, ती मात्र दर वर्षी एक वर्षाने म्हातारी होते.