टेबलावरचं रण, कानातली गोष्ट

दिवाळीत अंगणात किल्ला करायचा, पायथ्याशी मातीचे मावळे मांडायचे आणि सुट्टी संपली की सगळं आवरून ठेवायचं, ही मराठी घरातल्या पोरांची रीत. युरोप-अमेरिकेत मात्र अशी पुष्कळ मोठी माणसं आहेत, ज्यांचा किल्ला वर्षभर मोडत नाही. केस पांढरे झाले तरी हातातले शिपाई सुटत नाहीत. या छंदाचं नाव टेबलटॉप वॉरगेम, म्हणजे टेबलावरचं युद्ध.

जेवणाचं टेबल रिकामं करायचं, त्यावर हिरवं कापड अंथरायचं. कापडाखाली दोन-चार जाड पुस्तकं सरकवली की झाल्या टेकड्या, निळी पट्टी टाकली की नदी. मग डब्यातून बाहेर येतं सैन्य. एकेक शिपाई बोटाच्या दोन पेरांएवढा, पण त्याच्या कोटाची बटणंसुद्धा कुंचल्याने रंगवलेली! दोघे खेळाडू आळीपाळीने चाल करतात. पायदळ किती पुढे जाईल हे इंचपट्टीने मोजायचं आणि गोळी लागली की चुकली हे फाशांनी ठरवायचं. बुद्धिबळात नशिबाला जागा नसते, इथे असते. उत्तम बेत आखूनही फासे उलटे पडले, तर सेनापतीची फजिती ठरलेली.

या खेळाचं मूळ आहे लष्करात. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या प्रशियन गृहस्थाने राजाला असा खेळ करून दिला. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने तो नकाशावर आणला आणि प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. घराघरांत तो नेण्याचं मोठं श्रेय जातं एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराकडे. १९१३ मध्ये त्याने 'लिट्ल वॉर्स' हे छोटेखानी पुस्तक लिहिलं. स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने शिशाचे शिपाई पाडायचे, असा त्याचा खेळ. पण पुस्तकाच्या शेवटी वेल्स गंभीर होतो. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यातलं युद्ध किती बरं, असं तो बजावतो. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

अशा छंदाची मोठी अडचण म्हणजे एकटेपणा. एखाद्या गावात असा वेडा एकच असायचा. नेपोलियनच्या घोडदळाच्या डगल्याचा रंग कोणता, हे तो विचारणार कुणाला? या माणसांना जोडलं ते पत्रकांनी. कॅलिफोर्नियात शिशाचे शिपाई ओतणाऱ्या जॅक स्क्रबीने १९५७ मध्ये 'वॉर गेम डायजेस्ट' काढलं. इंग्लंडमध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांनी १९६२ मध्ये 'वॉर गेम्स' हे पुस्तक लिहिलं आणि पुढची जवळपास अठरा वर्षं छंदिष्टांसाठी मासिक पत्रक चालवलं. फेदरस्टोन पेशाने फिजिओथेरपिस्ट. दुसऱ्या महायुद्धात ते रणगाडा दलात होते. खरं युद्ध जवळून पाहिलेल्या या माणसाने आयुष्यभर टेबलावरच्या लढाया मांडल्या, यात बरंच काही आलं.

आता पत्रकांच्या जोडीला आवाज आला आहे. २००४ मध्ये ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली याने 'पॉडकास्टिंग' हा शब्द पहिल्यांदा छापला. घरबसल्या बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि ऐकणाऱ्याने सवडीने ऐकायचं, असा हा प्रकार. वॉरगेमवर लिहिणारे अनेक हौशी लोक हळूहळू मायक्रोफोनसमोर बसले. 'बॅटलगेम्स' नियतकालिकाचे संपादक हेन्री हाईड यांनी एका मित्रासोबत अशाच गप्पा सुरू केल्या आणि त्यांना नाव दिलं 'व्ह्यू फ्रॉम द व्हरांडा'. व्हरांडा हा शब्द इंग्रजीत गेला तो भारतातूनच! दोन जुने दोस्त संध्याकाळी ओसरीवर बसून बोलताहेत, हाच त्यातला थाट.

पण ज्या खेळाची सगळी मजा डोळ्यांची, तो कानाने कसा कळायचा? याचं उत्तर शिपाई रंगवणाऱ्याच्या टेबलावर सापडतं. एक पलटण रंगवायला कित्येक संध्याकाळी लागतात. हात आणि डोळे गुंतलेले, कान मात्र मोकळे. स्वयंपाक करताना विविध भारती ऐकणाऱ्या गृहिणीला हे वेगळं सांगायला नको. एरवी एकट्याने करायच्या कामाला आवाजाची सोबत मिळते.

लिहिणाऱ्याला मात्र बोलायला बसल्यावर नव्याने शिकावं लागतं. लेखात फोटो देता येतो, इथे 'हे बघा' म्हणून चालत नाही. टेकडी कुठे, नदी कुठे, कोण कुठून आलं, हे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभं करावं लागतं. नियमांची जंत्री वाचली तर ऐकणारा जांभया देतो, तोच नियम एखाद्या फसलेल्या चालीतून सांगितला तर लक्षात राहतो. खर्च बेताचा असतो. बरा मायक्रोफोन हवा आणि आवाज घुमणार नाही अशी खोली. गाद्या-पडद्यांनी भरलेली झोपायची खोलीही चालते. कठीण असतो तो नेम. ठरल्या वेळी नवा भाग आला नाही, तर ऐकणारे पांगतात.

यात एक प्रश्न घरातली माणसं हमखास विचारतात. माणसं मरतात त्या गोष्टीचा खेळ कसला करायचा? प्रश्न रास्त आहे आणि चांगले वॉरगेमर तो टाळत नाहीत. १९४२ मध्ये लिव्हरपूलला ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्सने जमिनीवर खडूने समुद्र आखला. नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली त्यावर जहाजं सरकवायच्या, तर अधिकाऱ्यांना कापडी पडद्याच्या फटीतून पाहून हुकूम द्यावे लागायचे. जर्मन पाणबुड्यांचे डावपेच या खेळातून उलगडले आणि त्यांवरचे तोडगे खऱ्या समुद्रात वापरले गेले. त्या खेळाने खरे जीव वाचवले.

मराठी माणसासाठीही या टेबलावर एक जागा आहे. आजच्या जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीचे कंपनी सरकारचे सैनिक भिडले. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावं दिसतात, म्हणजे मध्ये उतार असणारच, हे वेलस्लीने ताडलं आणि तिथून सैन्य पार नेलं. शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने त्याला जबर किंमत मोजायला लावली. त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नेपोलियनशी लढला.

परदेशातले हौशी लोक ही लढाई टेबलावर मांडतात. मांडणी बहुधा जिंकणाऱ्यांनी लिहिलेल्या कागदपत्रांवरून होते. त्या तोफांमागे उभ्या राहिलेल्या गोलंदाजांची बाजू, त्या शिवारातलं बोलणं, त्या गावांच्या नावांचे नीट उच्चार हे सगळं त्यांना कुणीतरी सांगायला हवं. दिवाळीत पोरांना किल्ला करून देणारा एखादा हौशी बाप किंवा इतिहासाची गोडी असलेली एखादी शिक्षिकाही हे काम करू शकेल. मावळे घरात आहेतच. आता त्यांची गोष्ट आपल्या भाषेत आणि आपल्या आवाजात सांगायला कुणी बसायचं, एवढंच ठरायचं आहे.