शेताचा कोपरा कोणाचा?

ज्यू पंचांगातील निसान महिन्याची पौर्णिमा जवळ आली की इस्रायलमध्ये जवाची कणसे पिवळी पडू लागतात आणि पेसाहचा सप्ताह सुरू होतो. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेचा हा सण. तो सुगीचाही सण आहे, याचा शतकानुशतके जमिनीपासून तोडल्या गेलेल्या ज्यू समाजाला जवळजवळ विसर पडला होता. विसाव्या शतकात किब्बुत्झच्या समाजवादी तरुणांनी ती आठवण पुन्हा जागी केली. आणि अलीकडच्या काळात इस्रायल व अमेरिकेतील पर्यावरणनिष्ठ सामुदायिक शेतांवर तिला नवे रूप आले आहे. एका धार्मिक सणाविषयी या स्तंभात लिहिण्याचे प्रयोजन काय, असे काही साथी विचारतील. श्रम, विश्रांती आणि जमिनीच्या उत्पन्नावरील गरिबाचा हक्क, या तीन प्रश्नांना या सप्ताहात जे उत्तर दिले जाते ते समाजवादी चळवळीने गंभीरपणे तपासावे असे आहे. ते उत्तर जेथे फसले तेथे का फसले, हेही तपासले पाहिजे.

सप्ताहाचा आरंभ साफसफाईने होतो. आंबवलेल्या धान्याचा कणही घरात उरता कामा नये असा दंडक असल्याने सामुदायिक स्वयंपाकघराचा कानाकोपरा घासून काढला जातो, आणि या कामात कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. हैफाजवळच्या रामत योहानान किब्बुत्झमध्ये मातित्याहू शेलेम या मेंढपाळ संगीतकाराने जवाची पहिली पेंढी कापण्याच्या प्राचीन विधीला नवे रूप दिले. सणाच्या तोंडावर सगळी वसाहत शेतात जमते, विळे चालतात, गाणी होतात. मग रात्री एकत्र भोजन. या भोजनप्रसंगी वाचावयाची 'हगादा' ही पोथीही अनेक किब्बुत्झांनी स्वतःची नवी रचून घेतली. डाव्या विचाराच्या वसाहतींनी तर तीतून परमेश्वराला जवळजवळ रजाच दिली आणि त्याच्या जागी वसंत, श्रम व शोषितांची मुक्ती यांना बसविले. धर्माची चौकट न मोडता तिच्यातील आशय बदलण्याचा हा प्रयोग किती टिकाऊ ठरला, याविषयी दुमत होऊ शकेल. पण तो करणाऱ्यांना जनतेच्या सणांचे सामर्थ्य कळले होते, यात शंका नाही.

याच सप्ताहात शब्बाथ येतो. सहा दिवस काम आणि सातव्या दिवशी पूर्ण विश्रांती. ती मालकाला, तशीच नोकराला, परक्याला, बैलाला आणि गाढवालाही. तुम्हीही एके काळी गुलाम होता, हे त्यामागचे बायबलातील कारण. आपल्या कोकणाला हे नवे नाही. कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. घाण्याच्या बैलालाही आठवड्याची सुट्टी मिळण्याचे भाग्य त्या काळी क्वचितच कोठे असेल! धार्मिक किब्बुत्झांत मात्र एक पेच उभा राहिला. शब्बाथला गायी पिळाव्यात की नाही? न पिळाव्यात तर मुक्या जनावराची कास ठणकते. पिळाव्यात तर नियम मोडतो. बराच शास्त्रार्थ झाला आणि अखेरीस जनावराची वेदना दूर करणे हाच हेतू धरून दूध काढण्याच्या वाटा शोधण्यात आल्या. उत्पादन थांबले तरी चालेल, वेदना थांबली पाहिजे, हा त्यामागचा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

पण खरा विचार करावयाचा तो शेताच्या कोपऱ्याचा. पीक कापताना शेताचा एक कोपरा न कापता सोडावा, गळालेला सरवा वेचू नये, विसरलेली पेंढी परत आणावयास जाऊ नये. हे सारे गरिबाचे, परक्याचे, अनाथाचे आणि विधवेचे, अशी तोराची आज्ञा आहे. पुढे मिश्नाच्या विधिकारांनी या कोपऱ्याचे किमान प्रमाण साठावा हिस्सा असे ठरविले आणि आणखी एक विलक्षण गोष्ट सांगितली. जो शेतमालक एका गरिबाला वेचू देतो आणि दुसऱ्याला देत नाही, तो गरिबांना लुटतो! म्हणजे हे दान नव्हे. कोणाला द्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकारच मालकाला नाही. दात्याने हात पुढे करावा आणि याचकाने मान लवून घ्यावे, या व्यवहाराला येथे मुळातच जागा नाही. गरीब शेतात उतरतो, आपले घेतो आणि जातो. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याचा आणि कर्ज सोडण्याचा नियमही याच कुळीतला. अलीकडचे असे वर्ष २०२१-२२ मध्ये येऊन गेले. आधुनिक इस्रायलमध्ये त्यावर तोड म्हणून जमीन कागदोपत्री बिगर-ज्यूला विकून नांगर चालू ठेवतात. जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावे करण्याची ही युक्ती आमच्या वाचकांना अपरिचित वाटू नये.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यात फॉल्स व्हिलेज येथे या शतकाच्या आरंभी 'अदामा' हा उपक्रम सुरू झाला. अदामा म्हणजे माती. 'आदाम' हे मानवाचे नाव त्याच मुळाशी जोडलेले. विशीतली ज्यू मुले-मुली येथे सुमारे तीन महिने एकत्र राहून शेती करीत, शेळ्या पिळीत, लोणची घालीत. सकाळी उघड्यावर प्रार्थना आणि मग काम. या मुलांच्या निष्ठेविषयी आम्हांस आदर आहे. तथापि तीन महिन्यांनी ती शहरात परत जातात आणि जमिनीची मालकी, मजुरी, बाजारभाव यांची व्यवस्था होती तशीच राहते. सामुदायिक जीवन ही मनाला उभारी देणारी सुट्टी होऊन बसली, तर प्रस्थापित अर्थव्यवस्थेला तिच्यापासून कोणताच धोका नसतो. शिबिरे भरविणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनीही हे ध्यानी घ्यावे.

किब्बुत्झवाले सुट्टीसाठी आले नव्हते. गालिली सरोवराच्या काठी देगानिया उभी राहिली १९१० साली. योगायोग असा की, हर्मान कालेनबाख या ज्यू वास्तुशास्त्रज्ञाने विकत घेतलेल्या जमिनीवर दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा टॉलस्टॉय फार्म सुरू झाला तोही त्याच वर्षी. जयप्रकाशजींनी १९५८ साली इस्रायलला भेट देऊन तेथील सहकारी व सामुदायिक वसाहती पाहिल्या, आणि आपल्याकडच्या समाजवादी व सर्वोदयी वर्तुळांत किब्बुत्झविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. ते अकारण नव्हते. खाजगी मालमत्ता नाही, मजुरीत उच्चनीच नाही, आणि सक्तीचा दंडुकाही नाही, असे शेतीचे दुसरे उदाहरण जगात शोधावे लागे.

परंतु त्या शेताच्या कोपऱ्यात शेजारी अरब नव्हता. इझ्रेल खोऱ्यातील जमीन बैरुतच्या सुरसॉक या सावकार-जमीनदार घराण्याकडून रीतसर विकत घेतली गेली. ती कसणारी अरब कुळे मात्र बाहेर काढली गेली. 'हिब्रू श्रम' या घोषणेचा अर्थ स्वतः घाम गाळण्याचा होता, तसाच अरब मजुराला काम न देण्याचाही होता. १९४८ नंतर ओस पडलेल्या अरब गावांच्या कितीतरी जमिनी किब्बुत्झांकडे आल्या. युरोपातील ज्यूंच्या छळाने व्यथित झालेल्या गांधीजींनीही १९३८ साली 'हरिजन'मध्ये ज्यूंना पॅलेस्टाईनमधील अरबांवर लादण्यास विरोध केला होता. त्यांनी ज्यूंना सुचविलेला अहिंसेचा मार्ग नाझी राजवटीपुढे कितपत चालला असता हा प्रश्न वेगळा, पण अरब कुळाविषयीची त्यांची दृष्टी अचूक होती. कुळकायद्यासाठी तुरुंगात गेलेल्या आमच्या चळवळीतील अनेकांना मात्र इझ्रेलची कुळे दिसली नाहीत.

अंतर्गत समताही पुढे ढळली. १९८५च्या सुमारास कर्जाच्या संकटाने किब्बुत्झ हादरले. एकेकाने वेगवेगळे पगार स्वीकारले, आणि २००७ मध्ये खुद्द देगानियानेही तोच मार्ग धरला. शेतात थायलंडचे मजूर आले. ते वसाहतीचे सभासद नव्हते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने बेएरी, नीर ओझ, क्फार अझा येथे जे निर्घृण हत्याकांड केले, त्यात आयुष्यभर शांततेसाठी झटलेल्या व्हिव्हियन सिल्व्हर होत्या, तसेच हे थाई मजूरही होते. त्यानंतर इस्रायली फौजांनी गाझात हजारो मुलांसह अपरिमित माणसे मारली आणि तेथील शेते व फळबागा उद्ध्वस्त केल्या. एकाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही, हे आम्ही निःसंदिग्धपणे म्हणतो. मार्च २०२४ मध्ये लेबनॉन सीमेलगतच्या मार्गालियोत येथे शेतावर राबणारा केरळचा एक तरुणही क्षेपणास्त्राने मारला गेला.

म्हणून मागणी दोन बाबतींत आहे. इस्रायलमध्ये कामगार पाठविण्यासाठी २०२३ साली जो करार भारत सरकारने केला, त्यातील मजुरी, विमा व युद्धक्षेत्रातून परत येण्याचा हक्क यांची कलमे कामगार संघटनांपुढे ठेवली गेली पाहिजेत. आणि पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या ऑलिव्ह तोडणीच्या वेळी वसाहतवाल्यांच्या दगडांना तोंड देत त्यांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या, १९८८ साली स्थापन झालेल्या 'रब्बाय फॉर ह्यूमन राइट्स'सारख्या संघटनांशी आपल्या पक्षाने प्रत्यक्ष संबंध जोडावा. ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबरात सुरू होते. पत्रव्यवहाराला आतापासूनच लागले पाहिजे.